इंजिनचं काम निघालंय? कर्ज मागण्याआधी हे बघा



गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना, पोरांची फी अशी उत्तरं येतात. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण वरचेवर ऐकू येतं : "गाडीचं इंजिनचं काम निघालंय." त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. शेळी घ्यायची म्हटली तर आपण तिचे दात बघतो, कास बघतो. मशीन घ्यायचं तर दोन शिलाया मारून बघतो. इंजिनाचं मात्र 'ते मेकॅनिकलाच कळतं' म्हणून सोडून देतो, आणि तो तोंडाने सांगेल तो आकडा कर्जाच्या अर्जावर चढतो.

त्या गाडीवरच सकाळचं दूध डेअरीला जातं, भाजीची पोती बाजाराला जातात. गाडी आठ दिवस उभी राहिली की रोजचा पैसा थांबतो. म्हणून घाईत एकतर गरज नसताना सगळं इंजिन उकलून नवं सामान भरलं जातं, नाहीतर अर्धवट काम करून गाडी बाहेर काढली जाते आणि दोन महिन्यांत परत धूर ओकायला लागते. दोन्हीकडे हप्ते आपल्याच डोक्यावर राहतात. तेव्हा इंजिनात काय झिजतं, त्यातलं काय दुरुस्त होतं आणि काय बदलावंच लागतं, एवढं तरी आपल्याला कळलं पाहिजे. स्पॅनर हातात धरायची गरज नाही. मात्र एखादीला आवड असेल तर तिने जरूर धरावा.

इथे सगळं आपल्याकडे घरोघरी असलेल्या शंभर सीसीच्या गाडीवरून सांगते. आपली जुनी स्प्लेंडर धरा ना. ती १९९४ साली बाजारात आली. तिचं इंजिन ९७.२ सीसीचं. बाकीच्या चार स्ट्रोक गाड्यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

हापशाचा वॉशर आणि गाडीची रिंग

हापशाच्या नळीत दट्ट्या वरखाली होतो आणि त्याला चामड्याचा नाहीतर रबरी वॉशर असतो. वॉशर झिजला की कितीही हापसा, पाणी वर येत नाही. इंजिनातही तेच आहे. नळीच्या जागी ब्लॉक, दट्ट्याच्या जागी पिस्टन आणि वॉशरच्या जागी पिस्टनच्या रिंगा. ब्लॉकच्या आतल्या गोल भोकाला बोअर म्हणतात. स्प्लेंडरचा बोअर ५० मिलिमीटरचा आहे. त्यात पिस्टन ४९.५ मिलिमीटर वर जातो, तेवढाच खाली येतो. गाडी रस्त्यावर पळते तेव्हा हे मिनिटाला हजारो वेळा होतं. पिस्टन आणि बोअर यांच्यात नवेपणी केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो. तो थर आहे तोवर लोखंड लोखंडाला घासत नाही. तेल कमी झालं किंवा धूळ आत गेली की घासायला लागतं.

ब्लॉकच्या वर हेड बसतं. हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा जळालेला धूर बाहेर सोडतो. कुकरची शिट्टी नीट बसली नाही तर वाफ कोंडत नाही, तसं व्हॉल्व्ह नीट बसला नाही तर इंजिनात दाब धरत नाही. खाली क्रँक असतो. तो पिस्टनच्या वरखाली होण्यातून चाक फिरवतो. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड.

खर्चाच्या दृष्टीने एवढं लक्षात ठेवा. हेड, ब्लॉक, पिस्टन हे वरचं काम. त्याला मेकॅनिक 'हाफ इंजिन' म्हणतात. क्रँकचं काम असेल तर इंजिन गाडीवरून खाली उतरवून मधोमध फोडावं लागतं, ते 'फुल इंजिन'. दोन्हीच्या खर्चात फार मोठा फरक असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, हाफ का फुल? आणि फुल असेल तर कशावरून?

धूर आणि आवाज काय सांगतात

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. कार्बोरेटर आणि एअर फिल्टर बघा, त्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. थंडीत सकाळी सकाळी पांढरी वाफ दिसते आणि थोड्या वेळात जाते, तिचीही काळजी नको. निळसर धूर मात्र तेल जळाल्याचा. तो कधी येतो ते नीट बघायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर भसकन येतो आणि मग थांबतो, तर बहुधा व्हॉल्व्हच्या रबरी सीलमधून तेल खाली उतरलेलं असतं. हे हेडचं काम झालं, तुलनेने स्वस्तातलं. ॲक्सिलेटर पिळला की सतत निळा धूर, चढाला दम नाही, किक मऊ लागते आणि तेल महिन्याला कमी होतं, असं असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेत.

आवाजाचंही असंच आहे. वरच्या बाजूने बारीक टिक टिक आली तर टॅपेट. बऱ्याचदा ते नुसतं ॲडजस्ट करून भागतं. डाव्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. खालून, पोटातून, जड ठक ठक येत असेल आणि ओझं घेतल्यावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. अशी गाडी चालवत राहू नका. रॉड तुटला तर तो केसिंग फोडून बाहेर येतो, आणि मग दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.

रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह, हे इंजिन न खोलता ओळखायची एक जुनी रीत आहे. चांगल्या मेकॅनिककडे दाब मोजायचं मीटर असतं. स्पार्क प्लग काढून ते लावायचं, किक मारून दाब बघायचा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडायचं आणि परत मोजायचं. दाब चांगला वाढला तर रिंगा-बोअर झिजलेत, कारण तेलाने ती फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हकडून आहे. दहा मिनिटांचं काम आहे. हे करायला जो मेकॅनिक नाखूश असतो आणि नुसता धूर बघून 'फुल करावं लागेल' म्हणतो, त्याच्याकडून दुसरीकडे गेलेलं बरं, असं माझं मत आहे.

बोअर करणं म्हणजे पाटा टाकवणं

झिजलेला ब्लॉक फेकायचा नसतो. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. तो थोडा लंबगोल होतो आणि वरच्या टोकाला, जिथे रिंग परत फिरते, तिथे बोटाला लागेल अशी धार उठते. अशा ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर गोल रिंग लंबगोल भोकात बसत नाही आणि ती वरची धार नव्या रिंगेला ठोकरते. थोडे दिवस बरं वाटतं, मग धूर परत. 'फक्त रिंगा टाकून देतो, स्वस्तात' हे म्हणूनच बोअर मोजल्याशिवाय ऐकायचं नाही.

खरी दुरुस्ती अशी. मशीनवर बोअर थोडा मोठा करून परत गोल करायचा आणि त्याच मापाचा मोठा पिस्टन घालायचा. हे पिस्टन ठरलेल्या मापात मिळतात : पाव मिलिमीटर मोठा, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठा. पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ किंवा १०० असा आकडा ठोकलेला असतो. ५० आकड्याचा पिस्टन म्हणजे ५० मिलिमीटरचा बोअर साडेपन्नास झाला. इंजिन उघडलं की जुन्या पिस्टनवरचा आकडा स्वतः वाचा. काही नसेल किंवा स्टँडर्ड असेल तर हे इंजिन पहिल्यांदाच बोअर होतंय. ७५ असेल तर आता एकच माप शिल्लक आहे. १०० असेल तर बोअर संपला. तेव्हाही ब्लॉक फेकण्याआधी विचारा, कारण लेथवाल्याकडे आत नवी स्लीव्ह ठोकून मूळ ५० मिलिमीटरवर आणता येतं. ते आणि बाजारातला नवा ब्लॉक-पिस्टन संच, दोन्हीचे दर काढून ठरवायचं. आधी कमी वाढवून चालत असेल तर कमीच वाढवून घ्या, पुढच्या वेळेसाठी माप उरतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते, पिस्टन आधी घ्यायचा आणि तो ब्लॉकबरोबर बोअरवाल्याकडे द्यायचा. तो पिस्टन मोजून त्याला लागेल तेवढी फट ठेवून बोअर करतो. ब्लॉक आधी बोअर करून मग दुकानातून मिळेल तो पिस्टन आणला, तर फट कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो, जास्त पडली तर खडखडतो.

बोअर झाला की होनिंग. आपला पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, घसरतो. मग पाथरवटाकडून तो टाकवून घेतो, टाकीचे बारीक खड्डे पडतात. होनिंग तसंच आहे. बोअरच्या आत तिरप्या बारीक रेघा ओढतात, जाळीसारख्या. त्या रेघांत तेल टिकतं आणि नव्या रिंगा घासून नीट बसतात. आरशासारखा चकचकीत बोअर दिसायला छान, कामाला वाईट. ब्लॉक परत आल्यावर आत उजेड पाडून बघा, जाळी दिसली पाहिजे.

त्या जाळीत दगडाची आणि लोखंडाची बारीक पूड अडकलेली असते. ती नुसत्या पेट्रोलने निघत नाही. ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवायचा, कोरडा करून लगेच तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर गंजतो. मग पांढऱ्या सुती फडक्याला तेल लावून आतून पुसायचं. फडकं काळं आलं तर परत धुवा. भांडी घासून आपल्याला हे जास्त चांगलं जमतं, त्यामुळे ही एक पायरी आपल्या हाताने करून घ्यायला हरकत नाही. काही नव्या गाड्यांच्या ब्लॉकला आतून खास मुलामा असतो, ते असे बोअर होत नाहीत. आपल्या जुन्या शंभर सीसीला तो प्रश्न नाही.

हेडचं काम

व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यावर काजळी आणि खड्डे पडतात. खड्डे बारीक असतील तर लॅपिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवतात. झालं की हेड उलटं करून व्हॉल्व्हच्या खोलगट बाजूला किंवा पोर्टमधून थोडं पेट्रोल ओतायचं आणि काही मिनिटं ठेवायचं. पलीकडे ओल आली नाही तर काम पक्कं. ही परीक्षा समोर करायला सांगा, पण जवळ विडी-सिगारेट कुणाची नको. व्हॉल्व्हची दांडी हलत असेल तर गाइड बदलावा लागतो. रबरी सील मात्र हेड उघडलं की दर वेळी नवेच टाकायचे. फार किरकोळ वस्तू आहे ती, पण तीच जुनी ठेवली तर सकाळचा धूर तसाच राहतो.

कॅम आणि रॉकरवर खवले निघालेले दिसले तर दोन्ही जोडीने बदलायचे. झिजलेल्या कॅमवर नवा रॉकर लावला की तोही लवकरच खराब होतो. आणि कॅम का खराब झाला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'वर तेल पोचत नव्हतं' हेच असतं.

तुटलेलं, फाटलेलं

स्पार्क प्लगचे आटे जाणं ही जुन्या गाडीची नेहमीची तक्रार. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. वाकडा लावून जोराने आवळला की मऊ धातूचे आटे निघून येतात. यासाठी नवं हेड घ्यायची गरज नसते. भोक थोडं मोठं करून त्यात पोलादी आट्यांची स्प्रिंग किंवा बुश बसवतात, मग मूळ मापाचाच प्लग लागतो. तेल सोडायच्या खालच्या नटाचंही असंच होतं, उपायही तोच. आत तुटून बसलेला बोल्ट काढायलाही लेथवाल्याकडे युक्त्या असतात, त्याला भोक पाडून उलट्या आट्याचा काढा घालतात किंवा वर नट वेल्ड करून फिरवतात. छिन्नी-हातोड्याने कुणी सुरू केलं तर थांबवा.

केसिंगला तडा गेला असेल, समजा चाकाची चेन तुटून लागली किंवा गाडी दगडावर आपटली, तर आर्गन वेल्डिंगने ॲल्युमिनियम जोडलं जातं. आधी तेल पूर्ण काढून जागा स्वच्छ करावी लागते, नाहीतर वेल्डिंग धरत नाही. नुसत्या बाहेरच्या भिंतीला तडा असेल तर हे काम टिकतं. बेअरिंग बसतं त्या जागेतून तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या तापाने ती जागा वाकडी होते, तिथे पैसे घालू नयेत. एम-सील लावून घरी पोचता येतं, त्यावर वर्ष काढता येत नाही.

केसिंग बदलायची वेळ आली किंवा भंगारातून जुनं इंजिन बसवायचा सल्ला मिळाला, तर थांबून विचार करा. इंजिनचा नंबर केसिंगवरच ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकावर असतो. नंबर बदलला तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठं झेंगट मागे लागतं.

क्रँकबद्दल थोडंच सांगते. रॉड हाताने धरून हलवला तर थोडा आडवा हलणं ठीक, वर-खाली मात्र जराही खेळ नको. खेळ असेल तर रॉड, पिन, बेअरिंगचा संच प्रेसवर बदलतात. मग क्रँक दोन टोकांवर फिरवून डायल लावून सरळ करावा लागतो. ज्याच्याकडे डायल नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका.

कर्ज किती मागायचं

आधी आकडा आणि मग इंजिन उघडणं, ही आपली पद्धत उलटी आहे. माझी सूचना अशी. पहिल्यांदा फक्त उघडण्याची आणि मोजण्याची मजुरी ठरवा. ब्लॉक बोअरवाल्याकडे मोजून आणा. मग कागदावर तीन रकाने करा : दुरुस्त होणारं, बदलायचं आणि मजुरी. ब्लॉक, हेड, आटे, क्रँक हे सहसा दुरुस्तीच्या रकान्यात येतात. पिस्टन, रिंगा, पिस्टनची पिन आणि तिच्या क्लिपा, गॅस्केट, ऑइल सील, टायमिंग चेन खेचली असेल तर ती, हे बदलायच्या रकान्यात. हा कागद अर्जाला जोडून बैठकीत ठेवला की किती कर्ज लागतं ते सगळ्यांना दिसतं. सामानाचं पक्कं बिल घ्या, आणि काढलेलं जुनं सामान पिशवीत घालून परत मागा. मागितलेलं मेकॅनिकला आवडो न आवडो, सामान आपलं आहे.

त्या आधी आरसी बुकावरची तारीख बघून घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. हिरो आणि होंडा या कंपन्यांनी २०१०च्या शेवटी वेगळं व्हायचं ठरवलं, त्यामुळे टाकीवर दोन्ही नावं असतील तर तुमच्या गाडीची मुदत जवळ आली असेल किंवा संपलीही असेल. नूतनीकरण आणि विमा यांचा खर्चही हिशेबात धरून मगच इंजिनात पैसे घाला.

झिजलं कशामुळे, ते शोधल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नका

जुना पिस्टन हातात घेऊन बघा. बाजूला उभे खोल ओरखडे असतील तर तेल कमी पडून तो जाम झाला होता. सगळीकडून सारखा, मळकट करडा घासलेला असेल तर धूळ आत जात होती. डोक्याला भोक पडलं असेल तर इंजिन फार तापत होतं. तेलाचं कारण असेल तर तेलाची जाळी आणि क्लचच्या बाजूच्या झाकणातला गोल फिल्टर, ज्यात गाळ साचतो, तो साफ झाला का ते बघा. धुळीचं कारण असेल तर एअर फिल्टर नवा हवा, आणि फिल्टरपासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी फाटकी नको. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. ऊसतोडीच्या आणि खडीच्या रस्त्याला तो लवकर भरतो.

काम होऊन गाडी घरी आली की पहिले ५०० किलोमीटर दमाने. एका वेगात सलग पळवायची नाही, पूर्ण ॲक्सिलेटर पिळायचा नाही, घाटात दोघं आणि पोतं असं तर अजिबात नाही. दुधाचे दोन कॅन नेत असाल तर तेवढे दिवस एकेक कॅनच्या दोन खेपा करा. पाचशे झाले की तेल बदला, त्यात नव्या रिंगांची चमकती पूड दिसेल, ती दिसणं साहजिक आहे. त्यानंतरही आठवड्यातून एकदा तेल बघायचं. या इंजिनात जेमतेम लिटरभर तेल असतं, त्यातलं पावशेर जळालं तरी फार झालं. गाडी थोडी चालवून बंद करा, मधल्या स्टँडवर सरळ लावा, काही मिनिटं थांबा. तेलाची काडी पुसून परत आत ठेवायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची, आणि काढून दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का ते बघायचं. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच तारीख टाकून लिहून ठेवलं तर तेल कधीपासून कमी व्हायला लागलं ते मेकॅनिकला दाखवता येतं.